यंदा आमच्या घरून मतदानाला कोणीच जाणार नाही!

या आठवड्याचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाचं आहे. पत्र मोठं होतं, थोडं कापून देते.

*"ताई, नमस्कार. वय 34. सहा एकर वावर आहे, कापूस, सोयाबीन अन् तूर. नाव यादीत आलं तेव्हापासून एक मतदान चुकवलं नाही. 2019 ले ज्याच्याकडं पाहून मत देलं, तो नंतर ज्याच्या विरोधात मत देलं होतं त्याच्याच मांडीवर जाऊन बसला. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता, मी चार हजाराच्या आत विकलं. आमच्या पांदण रस्त्याचं भूमिपूजन दोनदा झालं, नारळ दोनदा फुटला, मुरमाचा एक टिप्पर काही पडला नाही. मागच्या निवडणुकीत आदल्या रात्री गावात पाकिटं आली. मी घेतलं नाही. ज्यानं घेतलं तो सकाळी पानठेल्यावर मले म्हणे, 'दोघंही लाइनीत उभे राहिलो, तुले काय भेटलं?' माह्याजवळ उत्तर नव्हतं.*

*म्हणून ठरवलं, आता मत द्यायचं नाही. जिल्हा परिषदेले नाही अन् पुढंही नाही. घरातही सांगून टाकलं, माय अन् बायको, कोणीच जाणार नाही. बायकोचं नाव तसंही अजून तिच्या माहेरच्या यादीत आहे. माय बोलून नाही राहिली. मोठे बाबा म्हणतात, मत न देणाऱ्यानं उद्या पाण्याच्या टाकीवरून तोंड उघडायचं नाही. शाळेतले सर म्हणतात पवित्र कर्तव्य आहे. मी खरंच काही पाप करून राहिलो का? पैसे घेऊन मत देणाऱ्यापेक्षा न देणारा वाईट कसा? नाव छापू नका."*

भाऊ,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. पाकीट घेऊन मत देणाऱ्यापेक्षा तुम्ही वाईट नाही. पाप वगैरे तर अजिबात नाही. आपल्या देशात मतदान सक्तीचं नाही. घटनेच्या 51 अ कलमात नागरिकांची मूलभूत कर्तव्यं दिली आहेत, त्यात मतदान नाही. गुजरातनं स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारा कायदा केला होता, 2015 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. सरांचं "पवित्र कर्तव्य" मी त्यांच्यापाशीच ठेवते. निवडणूक आली की भिंती रंगवायला बरा शब्द आहे, पण ज्याचं सोयाबीन हमीभावाखाली गेलं त्याला तो ऐकवण्यात मला अर्थ वाटत नाही.

मोठ्या बाबांचं म्हणणं तर सरळ चूक आहे. पाणीपट्टी तुम्ही भरता. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर 18 टक्के जीएसटी भरता, तेव्हा दुकानदार तुम्हाला मतदान केलं का, असं विचारत नाही. टाकीत पाणी नसेल तर भांडायचा तुमचा हक्क मत देण्या-न देण्यावर अवलंबून नाही. आपल्याकडं हे वाक्य फार चालतं, "मत दिलं नाही ना, मग बोलू नको." गप्प बसवायला सोयीचं आहे, म्हणून चालतं. मत देणाऱ्याला तरी कुठं बोलू देतात?

तुमचा रागही खोटा नाही. ज्याला नाकारलं त्याच्याच गाडीत आपला माणूस जाऊन बसला, ही तुमची एकट्याची तक्रार नाही. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा एकट्यादुकट्याची उडी रोखायला आला. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य होती. 2003 च्या दुरुस्तीनं ती पळवाट बंद केली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची मुभा मात्र ठेवली. पुढं 2022 आणि 2023 मध्ये आपल्या राज्यात दोन पक्ष उभे फुटले आणि खरा पक्ष कोणता यावर वकिलांनी महिनोन् महिने कीस पाडला. त्यात मतदाराला कोणी काही विचारलं नाही. अशा वेळी माणूस म्हणतो, द्या सोडून. ते मला समजतं.

तरीही तुमचा निर्णय मला पटत नाही. पाप-पुण्य बाजूला ठेवा. तुमचं न जाणं नेमकं कोण ऐकणार आहे, एवढंच बघा.

विधानसभा-लोकसभेचा निकाल लागला की बूथनिहाय आकडे जाहीर होतात, फॉर्म 20 म्हणतात त्याला. कोणत्याही उमेदवाराच्या खास माणसाकडं तो कागद असतोच. समजा तुमच्या बूथवर 900 नावं आहेत आणि 610 मतं पडली. तो माणूस काय बघतो? आपल्याला किती, समोरच्याला किती, मागच्या वेळेपेक्षा कमी की जास्त. उरलेले 290 त्याच्यासाठी कोण असतात? पुण्याला कंपनीत गेलेली पोरं, लग्न होऊन गेलेल्या पोरी, यादीतून नाव न कापलेले मेलेले म्हातारे, कामाला बाहेर पडलेली कुटुंबं. तुम्ही तुमचा सगळा राग घेऊन याच 290 मध्ये जाऊन पडता. सोयाबीन, पांदण रस्ता, पाकीट यातलं काहीच त्या कागदावर उमटत नाही. तो माणूस तुमच्या गावाकडं बघून "इथं एक शेतकरी नाराज आहे" असं म्हणत नाही. म्हणालाच तर "इथं लोक निघत नाहीत, पुढच्या वेळी ऑटो वाढवा" असं म्हणेल.

आता पाकिटाचं. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा वाचला. पानठेल्यावरच्या माणसाला तुम्हाला उत्तर सुचलं नाही, म्हणून तुम्ही लाइनीतून बाहेर पडलात. पण पाकीट वाटणाऱ्याच्या बाजूनं बघा. गावात कोणी घेतलं याची यादी त्याच्याकडं आहे, ती मतं त्यानं धरून ठेवलीत. त्याला खरा घोर तुमच्यासारख्याचा असतो. विकला जात नाही, पण सकाळी सात वाजता रांगेत उभा असतो आणि कोणतं बटण दाबेल सांगता येत नाही. तुमच्यामुळं त्याचा हिशोब चुकतो. तुम्ही घरी बसलात की तो हिशोब आपोआप बरोबर येतो, आणि पुढच्या वेळी कमी पाकिटांत भागतं. समोरच्याचे मतदार घरीच राहावेत म्हणून पैसे वाटल्याच्या तक्रारीही निवडणुकीत होतात. ते काम तुम्ही फुकटात करून देताय, वरून हात स्वच्छ राहिले म्हणताय.

"माह्या एका मतानं काय होते" असं तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असेलच. 2024 च्या विधानसभेला आपल्याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत निकाल 208 मतांनी लागला. अख्ख्या विधानसभा मतदारसंघात 208! जिल्हा परिषदेचं सर्कल त्याहून कितीतरी लहान असतं. ग्रामपंचायतीत तर समसमान मतं पडून चिठ्ठी काढायची वेळ येते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

भंडाऱ्यावरून आठवलं. 1954 मध्ये तिथल्या लोकसभा पोटनिवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तेव्हा काही मतदारसंघ दोन जागांचे असत, एक राखीव आणि एक सर्वसाधारण, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं असत. भंडारा त्यातलाच. आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यायचं आणि दुसरं कोणालाच न देता कुजवायचं, म्हणजे ते निवडून येतील, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला होता असं सांगतात. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. पडलो तरी चालेल, पण मत वाया घालवा असं मी लोकांना सांगणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ते खरंच पडले. दोनच वर्षांपूर्वी मुंबईत मतं कुजवली गेल्याचा फटका त्यांनी स्वतः खाल्ला होता, त्यावर समाजवादी नेते अशोक मेहतांच्या सोबतीनं निवडणूक याचिकाही केली होती. राजकारणाचा वीट यायला त्यांच्याकडं तुमच्या-माझ्यापेक्षा सबळ कारणं होती, एवढंच म्हणते.

मग नोटा? बरेच वाचक विचारतात. 2013 पर्यंत कोणालाच मत द्यायचं नसेल तर मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्याला तसं उघड सांगावं लागायचं, आणि सगळ्या एजंटांना कळायचं की हा अमक्याचा पोरगा कोणालाच देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2013 मध्ये सांगितलं की नकार देणाऱ्यालाही गुप्ततेचा हक्क आहे, आणि नोटाचं बटण आलं. ते औषध आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. 2019 मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता, 27 हजारांहून जास्त मतं. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार तरीही आरामात आमदार झाला. डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात, त्या हिशोबातही नोटा धरत नाहीत. नगरपरिषद-नगरपंचायतींसाठी राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. ते त्यातल्या त्यात दात असलेलं काहीतरी आहे. पण नोटाचा एक फायदा मात्र निश्चित आहे, तो आकडा छापला जातो. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात 2014 आणि 2019 दोन्ही वेळा वीस हजारांहून जास्त लोकांनी ते बटण दाबलं. त्यांची गिनती तरी झाली. घरी बसलेल्यांची होत नाही.

शिवाय घरी बसलं की मत तसंच पडून राहतं असंही नाही. दुपारनंतर तुमच्या नावावर दुसराच कोणी बोटाला शाई लावून जाऊ शकतो. तुम्ही गेलात आणि असं झालेलं दिसलं, तर टेंडर मत, म्हणजे वेगळ्या मतपत्रिकेवर आपलं मत, मागता येतं. गेलाच नाहीत तर कळणारही नाही.

बहिष्काराचं वेगळं आहे, आणि त्याची मी गल्लत करत नाही. 2024 च्या लोकसभेला मेळघाटातल्या काही गावांनी रस्ता, वीज, पाण्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकला. त्यांनी तो आधी जाहीर केला, कारण सांगितलं, आणि अधिकाऱ्यांना समजूत काढायला गावात यावं लागलं. त्याला मी निषेध म्हणते. तुम्हाला पांदण रस्त्यासाठी तसं करायचं असेल तर गावाला बसवा, ठराव करा, तहसीलदाराला निवेदन द्या, तारीख टाका. मात्र ज्याला मत द्यायचंच आहे त्याला अडवायचं नाही, ही अट त्यातही आहे. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत वर्षानुवर्षं बहिष्काराचे फर्मान बंदुकीच्या धाकावर निघाले. तिथं कित्येक ठिकाणी मतदान सात ते तीनच असतं. तरी 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात सर्वांत जास्त मतदान त्याच गडचिरोली-चिमूरमध्ये झालं, जवळजवळ 72 टक्के. नागपूर शहरात, जिथं बूथ घरापासून चालत पाच मिनिटांवर, तिथं 54 च्या आसपास. नागपूरकर वाचक रागावतील, रागावू द्या.

आता जरा कान धरते. तुम्ही चुकवायला निवडलेली निवडणूक नेमकी चुकीची आहे. हमीभाव दिल्लीत ठरतो, पक्ष मुंबईत फुटतात, आणि त्याचा राग तुम्ही जिल्हा परिषदेवर काढताय. तुमचा पांदण रस्ता, शाळेचा गळका स्लॅब, उपकेंद्रातली रिकामी नर्सची जागा, हे सगळं विचारायची जागा तीच आहे. आणि मत नसलं की काय होतं हे तुमच्या जिल्ह्यानं पाहिलंच आहे. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडं गेला. त्या काळात तुम्ही पंचायत समितीत गेला असाल तर आठवा. अडवून विचारायला मेंबर नव्हता, सभापती नव्हता. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेबांची बदली. मेंबर चांगला होता असं माझं म्हणणं नाही. चहाच्या टपरीवर त्याला गाठून चार शिव्या तरी देता येत होत्या. निवडून आलेल्या माणसाची ही एवढीशी किंमत आहे, पण खेड्यात ती लागते.

पांदण रस्त्यासाठी मतदानापर्यंत थांबूही नका. नारळ दोनदा फुटला म्हणता, तर प्रशासकीय मान्यता किती वेळा निघाली? दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. मंजुरीचा आदेश, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. एक तर कळेल की मान्यता कधी निघालीच नव्हती, नारळ नुसता फोटोसाठी होता. नाही तर कळेल की बिल निघालंय आणि मुरूम कागदावरच पडलाय. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी तो कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा दिली आणि ग्रामसभेच्या जोरावर 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला. पुढं दोन वर्षांनी बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हातात आले. त्या घोषणेचा पहिला अर्धा भाग लोक विसरतात. दिल्ली-मुंबईचं सरकारही त्यांनी "आमचे" म्हटलं होतं.

आणि आता तुमच्या पत्रातली ती एक ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात. "घरातही सांगून टाकलं, कोणीच जाणार नाही." हे कोणी सांगितलं तुम्हाला, की तीन मतं तुमची आहेत?

तुमचं मत तुम्ही द्या, न द्या, कुजवा. मी पटवायचा प्रयत्न केला, पुढं तुमची मर्जी. मायचं मत तुमचं नाही. तिनं तुमच्या जन्माच्या आधीपासून मतदान केलं असेल. कदाचित वर्षातून तेवढाच एक कागद असेल ज्यावर तिचं नाव घराच्या नावाशिवाय पुकारलं जातं. तुम्ही राजकारण्यांवर चिडलात ते कशासाठी? त्यांनी तुम्हाला न विचारता तुमच्या मताचं परस्पर काहीतरी केलं म्हणून. मग मायच्या बाबतीत तुम्ही वेगळं काय केलं?

घरी बसण्याची किंमत बायांना कशी पडते, त्याचं एक उदाहरण विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे, आडवी बाटली. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान होतं. कागदावर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण. म्हणजे त्या दिवशी जी बाई नवऱ्यानं रोखली म्हणून किंवा कंटाळून घरी राहिली, तिनं दुकान चालू ठेवायला मदत केली. तुमच्या गावात उद्या असं मतदान लागलं तर तुमच्या घरातल्या दोन बाया कुठं असतील?

म्हणून मायला आजच सांगा की तुम्ही बोललात ते चुकीचं होतं. ती बूथवर जाईल, कोणतं बटण दाबेल ते तुम्ही विचारायचं नाही आणि तिनंही सांगायचं नाही. तिच्या पायाला त्रास असेल तर गाडीवर सोडून द्या. आत गेलं की यंत्रावर शेवटचं बटण नोटाचं असतं, हेही तिला माहीत असू द्या. त्या दिवशी तुम्ही फाटकाबाहेर थांबायचं की रांगेत उभं राहायचं, ते तुम्ही ठरवा.

बायकोचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, हे तुम्ही "तसंही" म्हणून सोडून दिलं. तिलाही विचारा, तिला इथं नाव हवंय का. हवं असेल तर पत्ता बदलायला फॉर्म 8 लागतो. गावच्या बीएलओकडं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडं मिळतो, मोबाइलवरूनही भरता येतो. स्थानिक निवडणुकीला विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला गोठवून वापरतात, निवडणूक लागल्यावर धावपळ करून त्यात नाव येत नाही. तेव्हा फॉर्म या आठवड्यातच भरा, आणि मोबाइल नंबर तिचा स्वतःचा टाका.